कमी खर्चात त्वचेला मानवणारं स्किनकेअर आणि मेकअप: निवडायचं कसं?

अबोली

त्वचा मिश्र आहे. कपाळ, नाक आणि हनुवटी तेलकट, गाल मात्र चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखे होतात. हनुवटीवर अधूनमधून पुळ्या येतात. पुळी बसते, पण तिचा तपकिरी डाग महिनोन्‌महिने जात नाही. रंग गव्हाळ आणि सावळा यांच्या मधला.

खर्चाला मर्यादा आहे, म्हणून कुठे पैसे घालावेत आणि कुठे वाचवावेत ते नीट कळायला हवंय. बाटलीमागची घटकांची यादी वाचून नेमकं काय कळतं? नवीन वस्तू मानवतेय की नाही हे किती दिवसांनी ठरवायचं? आणि मेकअपचे दोन प्रश्न: सनस्क्रीनवर फाउंडेशन लावलं की बारीक गोळ्या निघतात, आणि सकाळी जुळणारी शेड दुपारी काळपट दिसते. हे दोन्ही कशामुळे होतं?

ब्रँडची नावं नकोत, निवडायची पद्धत सांगा.

---

प्रयोगवही

आधी वस्तू कमी करा. सकाळी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, रात्री क्लेन्झर आणि मॉइश्चरायझर. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात एवढंच. टोनर, मिस्ट, एसेन्स, शीट मास्क यांच्यावाचून काही अडत नाही. आय क्रीम तर बहुतेक वेळा छोट्या डबीतलं मॉइश्चरायझरच असतं आणि मिलीमागे कितीतरी महाग पडतं. तुमचं नेहमीचं मॉइश्चरायझर बिनवासाचं असेल आणि डोळ्यांना झोंबत नसेल, तर तेच डोळ्यांभोवती लावा.

क्लेन्झरवर सगळ्यात कमी खर्च करा. तो चेहऱ्यावर मिनिटभरही टिकत नाही. त्यात व्हिटॅमिन सी, पेप्टाइड, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड घातलेलं असलं तरी ते पाण्याबरोबर वाहून जातं. (पुळ्यांवरच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश याला अपवाद आहे. तो दोन ते पाच मिनिटं ठेवून धुतला तरी काम करतो.) साध्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो आणि त्वचेचा पृष्ठभाग ५ च्या आसपास. गाल ओढल्यासारखे होतात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. यादीत डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा सोडियम कोकोइल आयसेथिओनेट दिसलं तर तो क्लेन्झर सहसा सौम्य असतो. सोडियम लॉरिल सल्फेट पहिल्या तीन-चार घटकांत असेल आणि गाल आधीच कोरडे असतील, तर तो सोडा.

घरच्या घरी पारख करायची असेल तर चेहरा धुऊन दहा मिनिटं काहीही लावू नका. हसताना गाल ताणल्यासारखे वाटले तर क्लेन्झर तुमच्यासाठी कडक आहे, बाटलीवर "जेंटल" लिहिलेलं असलं तरी.

मॉइश्चरायझरमध्ये दोन गोष्टी पाहा: पाणी धरून ठेवणारा घटक आणि ते उडू न देणारा घटक. पहिल्या कामासाठी ग्लिसरीन पुरतं. ते स्वस्त आहे आणि त्यावर भरपूर अभ्यास झालेला आहे. यादीत ते दुसऱ्या-तिसऱ्या जागी असावं. दुसऱ्या कामासाठी डायमेथिकोन किंवा पेट्रोलॅटम. मिश्र त्वचेसाठी दोन वेगळी क्रीमं घेण्याची गरज नाही. हलकं जेल-क्रीम एकच घ्या, सगळ्या चेहऱ्यावर एक थर द्या आणि गालांवर दुसरा. फारच कोरडं वाटत असेल तर रात्री ओलसर गालांवर वाटाण्याच्या निम्म्याएवढी साधी पेट्रोलियम जेली. त्वचेतून उडणारं पाणी अडवण्यात तिच्या तोडीचं महागडं क्रीमही सापडणं कठीण.

सनस्क्रीनवर मात्र पैसे घाला, पण हिशेब करून. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर दिलेला असतो. तेवढा थर द्यायचा तर चेहऱ्याला साधारण सव्वा मिली लागतं, कान आणि मान धरून दोन मिलीच्या आसपास. म्हणजे ५० मिलीची ट्यूब दिवसातून एकदा लावली तरी पंचविसेक दिवसांत संपायला हवी. तीच ट्यूब चार महिने पुरत असेल तर लिहिलेलं संरक्षण मिळतच नाही, मग ती ट्यूब कितीही महागाची असो. त्यामुळे दिवसात पुन्हा लावणं धरून महिन्याला दोन ट्यूब घेणं परवडेल असंच सनस्क्रीन निवडा. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे सूर्यकिरण) अडवतं आणि ५० सुमारे ९८ टक्के. या एका टक्क्यापेक्षा पूर्ण मात्रा लावण्याने जास्त फरक पडतो. यूव्हीएसाठी (त्वचा काळवंडवणारे, खोल जाणारे किरण) "ब्रॉड स्पेक्ट्रम", पीए+++ किंवा त्याहून वरचं, नाहीतर वर्तुळातलं यूव्हीए चिन्ह पाहा. ते वर्तुळ असेल तर यूव्हीए संरक्षण एसपीएफच्या किमान एक तृतीयांश आहे असा अर्थ होतो.

तुमच्या डागांसाठी मुद्दाम सांगते, सावळ्या त्वचेवरचे डाग यूव्हीएवढेच दृश्य प्रकाशानेही गडद होतात. बिनरंगाचं सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन अडवतं. ते शेडला जुळलं तर फाउंडेशनचाही खर्च वाचतो.

एवढं बसल्यावर एकच सक्रिय घटक जोडा. पुळ्या आणि डाग दोन्हींसाठी अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड १० टक्के हा माझा पहिला पर्याय. तो मिळत नसेल तर नियासिनामाइड ४-५ टक्के. नियासिनामाइड १० टक्के घेतल्याने दुप्पट गुण येत नाही, उलट काहींचे गाल लाल होतात. पुळ्या जास्त असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के घ्या. सुजलेल्या पुळ्यांवर ते ५ आणि १० टक्क्यांच्या जवळपास बरोबरीनं काम करतं आणि १० टक्क्यांपेक्षा कमी जळजळ होते. टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यांचा रंग मात्र ते उडवतं, तेव्हा पांढरे वापरा.

---

निळी_शाई

यादी वाचण्याबद्दल.

घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, पण हा नियम १ टक्क्यापर्यंतच लागू होतो. १ टक्क्याखालचे घटक कंपनी हवे त्या क्रमाने लिहू शकते आणि रंगद्रव्यं शेवटी येऊ शकतात. मग ही १ टक्क्याची रेघ ओळखायची कशी? फिनॉक्सीइथेनॉल शोधा. हे परिरक्षक पुष्कळ उत्पादनांत असतं आणि युरोपसह बऱ्याच ठिकाणी त्याची कायदेशीर कमाल मर्यादा १ टक्का आहे. त्यानंतर जे जे लिहिलंय ते १ टक्क्याहून कमी आहे असं धरून चाला. झँथन गम, कार्बोमर, डायसोडियम ईडीटीए यांच्याही आसपास ती रेघ असते.

आता डबीच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरात ज्या वनस्पतीचं किंवा फुलाचं नाव आहे ते यादीत शोधा. फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे सापडलं तर तुम्ही त्या नावाचे पैसे मोजताय. याउलट रेटिनॉल, सॅलिसिलिक अ‍ॅसिड, सेरामाइड यांना कमी प्रमाण पुरतं. ते यादीत खाली दिसले म्हणून नाकारू नका. नियासिनामाइड आणि ग्लिसरीन मात्र वरच हवेत.

सॅलिसिलिक अ‍ॅसिडची एक गोम आहे. ०.५ ते २ टक्के एवढं प्रमाण तर हवंच, शिवाय पीएच ३ ते ४ च्या दरम्यान लागतो. पीएच जास्त असेल तर अ‍ॅसिड क्षाराच्या रूपात राहतं आणि रंध्रात नीट उतरत नाही. म्हणून टक्केवारीबरोबर पीएचही जाहीर करणारं स्वस्त उत्पादन हे दोन्ही न सांगणाऱ्या महागड्यापेक्षा भरवशाचं.

दर्शनी बाजूचे काही शब्द वाचून सोडून द्या. "डर्मटॉलॉजिकली टेस्टेड" म्हणजे कोणती चाचणी, किती जणांवर आणि निकाल काय, यातलं काहीच त्यातून कळत नाही. "हायपोअलर्जेनिक" आणि "नॉन-कोमेडोजेनिक" (रंध्रं न बुजवणारं) यांनाही सगळीकडे लागू पडेल अशी ठरलेली व्याख्या नाही. इंटरनेटवर फिरणारे ० ते ५ असे कोमेडोजेनिक गुण बऱ्याच अंशी सशाच्या कानावर शुद्ध घटक लावून केलेल्या जुन्या चाचण्यांतून आले आहेत. माणसाच्या चेहऱ्यावर तोच घटक २ टक्के असलेलं क्रीम कसं वागेल ते त्यावरून ठरत नाही.

वासाबद्दलही एक बारकावा लक्षात ठेवा. "अनसेंटेड" वस्तूत मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो. तुम्हाला "फ्रेग्रन्स-फ्री" हवं. तरीही यादीत परफ्यूम, लिनालूल, लिमोनीन किंवा एखादं सुगंधी तेल नाही ना, हे पाहा. वनस्पतीतून काढलेला सुगंधही अ‍ॅलर्जी देतो.

किंमत पाहताना मिलीमागे किती हे पाहाच, पण महिन्याला किती पडतं हेही काढा. ३० मिलीचं सीरम दोन वेळा अर्धा-अर्धा मिली लावलं तर महिन्याभरात संपतं. १५ ग्रॅमची अ‍ॅडापालीनची ट्यूब (हे पुळ्यांवरचं औषध) रात्री ०.३ ग्रॅमच्या हिशेबाने पन्नास रात्री पुरते. पहिल्यांदा घेताना मिलीमागे महाग पडलं तरी लहान बाटलीच घ्या. मोठी बाटली अर्धी वापरून टाकून देणं जास्त महाग.

---

अबोली

दोघांचेही आभार. डेसिल ग्लुकोसाइड आणि १ टक्क्याची रेघ टिपून ठेवलीय. एक शंका: अ‍ॅझेलेइक लावल्यावर सुरुवातीला पुळ्या वाढल्या तर "हे आधी वाढतंच" म्हणून चालू ठेवायचं की थांबवायचं? यात फरक कसा ओळखायचा?

---

पानगळ

जळजळ, अ‍ॅलर्जी आणि सुरुवातीची वाढ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

जळजळ लगेच होते, मिनिटांत किंवा काही तासांत. झोंबतं, लाल होतं, सोलतं. प्रमाण किंवा वारंवारता कमी केली की बहुधा निवळते. अ‍ॅझेलेइक लावल्यावर पहिले काही आठवडे थोडी खाज किंवा चुरचुर नेहमीची आहे. कोरड्या चेहऱ्यावर, मॉइश्चरायझरवर, एक दिवसाआड लावा, म्हणजे ती सुसह्य होते.

अ‍ॅलर्जी उशिरा येते, साधारण एक ते तीन दिवसांनी. तिची मुख्य खूण खाज. बारीक पाणीदार फोड किंवा सूज येते आणि लावलेल्या जागेच्या पलीकडेही पसरते. इथे मात्रा कमी करून भागत नाही. वस्तू कायमची बंद करायची आणि तिची यादी जपून ठेवायची, म्हणजे पुढे त्वचारोगतज्ज्ञांना पॅच टेस्ट करताना उपयोगी पडते.

सुरुवातीची वाढ फक्त पेशींची उलाढाल वेगाने करणाऱ्या घटकांनी होऊ शकते: रेटिनॉइड (रेटिनॉलच्या कुळातले), सॅलिसिलिक, ग्लायकोलिक, काही प्रमाणात अ‍ॅझेलेइक. ती नेहमीच्याच जागी येते (तुमच्या बाबतीत हनुवटी), पुळ्या लवकर बसतात आणि सहा ते आठ आठवड्यांत ओसरते. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, नियासिनामाइड किंवा फाउंडेशनने पुळ्या आल्या तर ती ही वाढ नव्हे, ती वस्तू तुम्हाला मानवत नाही एवढंच. पूर्वी कधीच पुळी न आलेल्या जागी, म्हणजे गालावर किंवा कानशिलाजवळ, आल्या तरी तेच.

चाचणीची रीत अशी:

कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस, रोज त्याच जागी लावा. एकदा लावून दुसऱ्या दिवशी पाहणं पुरत नाही, कारण अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया वारंवार संपर्कानंतर दिसते. क्लेन्झर असा लावून ठेवू नका, तो धुऊन टाकायची वस्तू आहे आणि ठेवला तर कुणालाही चुरचुरेल. हातावर काही झालं नाही तर जबड्याच्या एका बाजूला दोन-तीन आठवडे लावा. रंध्रं बुजतात का हे हातावर कळत नाही.

दोन नव्या वस्तू एकत्र सुरू करू नका. मध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या, सक्रिय घटक असेल तर चार. हा संयम ठेवणं अवघड जातं, पण नेमकं काय बिनसलं हे कळायला दुसरी वाट नाही.

निकाल कधी पाहायचा? मॉइश्चरायझर आणि क्लेन्झरचं आठवड्याभरात कळतं. सॅलिसिलिकला सहा आठवडे द्या, नियासिनामाइडला आठ, अ‍ॅडापालीन आणि अ‍ॅझेलेइकला बारा. डागांना बारा आठवडे हे किमान आहे. त्याआधी "काही फरक नाही" म्हणून वस्तू बदलत राहण्यात सगळ्यात जास्त पैसे जातात. फोटो काढायचा तर त्याच खिडकीशी, त्याच वेळी, दर दोन आठवड्यांनी. रोज आरशात पाहून फरक कळत नाही.

हनुवटी आणि जबड्यावरच्या पुळ्या खोल, दुखऱ्या असतील, पाळीच्या आधी वाढत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर बाहेरून लावायच्या वस्तूंवर पैसे घालण्याआधी डॉक्टरांना दाखवा. गर्भधारणेचा विचार असेल तर रेटिनॉल, अ‍ॅडापालीन आणि त्या कुळातलं काहीही नको. अ‍ॅझेलेइक चालतं, तरी डॉक्टरांना विचारूनच.

---

रंगपेटी

मेकअपचं मी घेते.

गोळ्या निघणं. खोडरबराच्या चुऱ्यासारखं जे निघतं ती मेलेली त्वचा नसते. ते थर देणारे पॉलिमर असतात: कार्बोमर, झँथन गम, सनस्क्रीनमधले फिल्म बनवणारे घटक आणि सिलिकोन. खालचा थर वाळायच्या आत वर घासलं की तो गुंडाळला जातो. कारणं बहुधा तीनच असतात, फार थर, फार घाई आणि घासणं. त्यामुळे सकाळी सीरम काढून टाका, ते रात्री लावा. मॉइश्चरायझर पातळ लावा. सनस्क्रीन आधीच पुरेसं स्निग्ध असेल तर तेलकट भागात मॉइश्चरायझर गाळलं तरी चालतं. पाच मिनिटं थांबा. मग सनस्क्रीन पूर्ण मात्रेत, पण दोन हप्त्यांत लावा. त्यानंतर पंधरा मिनिटं थांबा. फाउंडेशन बोटांनी किंवा ब्रशने ओढू नका, ओलसर स्पंजने टिपून बसवा.

एवढं करूनही गोळ्या निघाल्या तर दोन्हींच्या यादीतले पहिले चार-पाच घटक शेजारी ठेवून वाचा. एकात पाणी आणि ग्लिसरीन वर आणि दुसऱ्यात डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन वर असेल, तर ती जोडी कधीकधी जमत नाही. दोन्ही सिलिकोनप्रधान किंवा दोन्ही पाणीप्रधान असतील तर सहसा निभतं. हा नियम पक्का नाही, पण नवीन वस्तू घेण्याआधी अंदाज बांधायला पुरतो. दुकानात हाताच्या पाठीवर आपलं सनस्क्रीन लावून, वाळवून, वर फाउंडेशनचा नमुना टिपून पाहा. दोन मिनिटांत कळतं.

सनस्क्रीन आणि फाउंडेशन तळहातावर मिसळून लावायचा सल्ला सगळीकडे दिसतो. तो ऐकू नका. सनस्क्रीनचा थर एकसंध बसावा म्हणून त्याचं सूत्र बांधलेलं असतं. त्यात दुसरं काही मिसळलं की थर फाटतो आणि किती संरक्षण उरलं हे कुणालाच सांगता येत नाही.

दुपारी काळपट होणं. सगळे याला ऑक्सिडेशन म्हणतात, पण बरंचसं काम त्वचेच्या तेलाचं असतं. फाउंडेशनमधला उडून जाणारा द्रव उडतो, रंगद्रव्याचे कण जवळ येतात, वरून तेल त्यांना भिजवतं, आणि भिजलेला रंग कोरड्यापेक्षा गडद दिसतो. म्हणून शेड लावल्या लावल्या ठरवायची नसते. जबड्याच्या कडेला तीन शेडच्या रेघा ओढा, अर्धा तास जाऊ द्या आणि दिवसाउजेडी, उघड्यावर पाहा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच जुळतं. मनगटावर पाहू नका, तिथला रंग चेहऱ्याशी जुळतोच असं नाही. मानेशी जुळलं पाहिजे.

तुमच्या वर्णनावरून कपाळ आणि हनुवटीवर तेल येतं, म्हणजे तिथेच जास्त काळवंडत असणार. तिथे फाउंडेशनआधी अगदी पातळ पावडर दाबून घ्या आणि दुपारी पावडरचा दुसरा थर देण्याआधी टिश्यूने तेल टिपून काढा. तेलावर पावडर दिली की लगदा होतो आणि रंग आणखी गडद दिसतो. एवढं करूनही काळपटपणा राहिला तर अर्धी शेड उजळ घ्या, पूर्ण नको.

काळपट आणि राखाडी यात गल्लत करू नका. राखाडी दिसत असेल तर कारण वेगळं आहे. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडचं पांढरं सनस्क्रीन खाली आहे, किंवा फाउंडेशनचा अंडरटोन चुकला आहे. सोनेरी किंवा ऑलिव्ह छटेच्या त्वचेवर गुलाबी छटेचं फाउंडेशन राखाडीच दिसतं, मग ते उजळ घ्या की गडद.

आता पैसे कुठे वाचवायचे. मस्करा स्वस्तातला घ्या, कारण उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत तो टाकायचाच असतो. ओलसर, अंधारी नळी आणि रोज आत-बाहेर होणारा ब्रश, यात जंतू वाढतात. लिपस्टिक, पेन्सिल, ब्लश यांत स्वस्त आणि महाग यांतला फरक बराचसा वेष्टनाचा आणि पोताचा असतो. क्रीम ब्लश गालांना आणि ओठांना दोन्हीकडे चालेल असा घ्या. पण ओठांची किंवा गालांची वस्तू डोळ्यांवर लावताना वेष्टन वाचा. काही लाल-गुलाबी रंगद्रव्यांना डोळ्यांच्या परिसरासाठी परवानगी नसते.

पैसे घालायचे ते फाउंडेशनच्या नेमक्या शेडवर, किंवा त्याहून बरं, कन्सीलरवर. डाग झाकायला सगळ्या चेहऱ्याला जाड फाउंडेशन कशाला? रंगीत सनस्क्रीन सगळीकडे, आणि डागांवर फक्त टोकदार ब्रशने कन्सीलरचा ठिपका. अर्धं मिनिट वाळू द्या, मग फक्त कडा टिपा, मध्याला हात लावू नका. डाग गडद तपकिरी असेल तर आधी पीच किंवा नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ थर द्या, नाहीतर कन्सीलरमधून तो राखाडी डोकावतो. एक लहान कन्सीलर अशा वापरात सहज सहा महिने जातो. डबीवर उघड्या झाकणाचं चित्र आणि त्यात ६एम किंवा १२एम लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. उघडल्याची तारीख तळाशी लिहून ठेवा.

ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुवा आणि केस खाली करून वाळवा. पाणी दांड्याच्या सांध्यात गेलं की डिंक सुटतो. स्पंज प्रत्येक वापरानंतर धुऊन मोकळ्या हवेत वाळवा, बंद पाकिटात ठेवू नका. हनुवटीवर पुळ्या येणाऱ्यांनी तर हे टाळूच नये.

---

तळटीप

वरच्या सगळ्याला अनुमोदन, एका गोष्टीवर थोडं जास्त लिहितो. "अमुक महागड्या वस्तूची स्वस्त जुळी" अशा याद्या खूप फिरतात. एकाच समूहाकडे महाग आणि स्वस्त दोन्ही ब्रँड असतात हे खरंय. लोरेआलकडे लॅन्कोमही आहे आणि गार्नियेही. पण घटकांची यादी सारखी असली म्हणून वस्तू सारखी होत नाही. यादीत प्रमाण नसतं, कणांचा आकार नसतो, मिश्रण कसं केलं ते नसतं. मॉइश्चरायझर किंवा लिपस्टिकमध्ये यामुळे फारसं बिघडत नाही, पोत थोडा वेगळा येतो इतकंच. सनस्क्रीनमध्ये मात्र बिघडतं, कारण तेच फिल्टर त्याच क्रमाने लिहूनही एसपीएफ वेगळा येऊ शकतो. तिथे यादी जुळवत बसू नका, एसपीएफ आणि यूव्हीए चाचणीचे आकडे जाहीर करणारी वस्तू घ्या.

व्हिटॅमिन सी बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड १० ते २० टक्के, पीएच ३.५ च्या खाली, अपारदर्शक बाटली, एवढं सगळं जुळलं तर ते काम करतं. पण उघडल्यावर हवेने बिघडत जातं आणि पिवळ्याचं तपकिरी होतं. तपकिरी झालं की टाकायचं. कमी खर्चाच्या यादीत मी ते ठेवणार नाही. तेच पैसे सनस्क्रीनच्या दुसऱ्या ट्यूबमध्ये घालेन.

---

पानगळ

आणखी एक, आणि हे कृपया नीट वाचा. डाग घालवायच्या घाईत लोक बिनलेबलाच्या किंवा अर्धवट लेबलाच्या "उजळपणा" देणाऱ्या क्रीमकडे वळतात. ती स्वस्त असतात आणि आठवड्याभरात फरक दाखवतात. तेवढ्या वेगात फरक दाखवणाऱ्या अशा क्रीममध्ये बहुतेक वेळा तीव्र स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन किंवा पारा असतो.

पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार १ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत एक भाग) जास्त पारा असलेली सौंदर्यप्रसाधनं बनवणं, आयात-निर्यात करणं २०२० पर्यंत थांबवायचं होतं. तरी ती विकली जातात. यादीत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी, कॅलोमेल यातलं काहीही दिसलं तर हात लावू नका. यादीच नसेल तर वापरण्याच्या सूचना वाचा. "सोनं, चांदी, अ‍ॅल्युमिनियम किंवा रबराला लागू देऊ नये" असं लिहिलं असेल तर आत पारा असण्याची दाट शक्यता आहे. पारा मूत्रपिंडांना इजा करतो आणि टॉवेल-उशीवाटे घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोचतो.

स्टेरॉइडची खूण म्हणजे लावेपर्यंत चेहरा तुकतुकीत आणि सोडलं की चार-आठ दिवसांत लाली, आग, पुळ्यांचा भर. पुढे त्वचा पातळ होऊन बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते. कुणी असं क्रीम महिनोन्‌महिने लावत असेल तर ते कसं सोडायचं हे त्वचारोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावं. डबी बरोबर न्यावी.

---

अबोली

हे फारच उपयोगी आहे. क्लेन्झर बदलतेय, रंगीत सनस्क्रीन शोधतेय आणि अ‍ॅझेलेइक त्यानंतर महिन्याभराने. शेवटचा प्रश्न: मेकअप केल्यावर दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावायचं तरी कसं? सगळं धुऊन काढणं शक्य नसतं.

---

रंगपेटी

आधी गरज आहे का ते पाहा. दर दोन तासांचा नियम उन्हात, घामात, पाण्यात असताना. दिवसभर खिडकीपासून लांब, आत बसत असाल तर सकाळचा पूर्ण थर आणि बाहेर पडण्याआधी एकदा, एवढं पुरतं. खिडकीशी बसत असाल तर हे लागू नाही, यूव्हीए साध्या काचेतून येतो.

लावायची पद्धत अशी: टिश्यू दाबून तेल आणि घाम काढा. पातळ, दुधासारखं सनस्क्रीन तळहातावर घ्या. स्पंज आधी ओला करून पिळून घ्या, कोरडा स्पंज सनस्क्रीन पिऊन टाकतो. मग कपाळ, नाक, गालांची वरची बाजू, कान आणि मान या क्रमाने टिपत जा. गालांचा मेकअप किंचित हलेल, तिथे शेवटी कन्सीलरचा ठिपका द्या. एका हप्त्यात पूर्ण मात्रा बसणार नाही, म्हणून वाळू देऊन दोनदा टिपा.

एसपीएफ पावडरच्या भरवशावर राहू नका. लिहिलेला एसपीएफ मिळायला लागेल एवढी पावडर कुणी चेहऱ्यावर घालत नाही. स्प्रेही थेट तोंडावर मारू नका, तो श्वासातून आत जातो. हातावर मारून मग टिपा. हे रोज करावं लागणार असेल तर फाउंडेशन सोडून रंगीत सनस्क्रीन आणि कन्सीलर एवढ्यावरच राहा. त्यावर दुसरा थर सरळ बोटांनी टिपला तरी काही दिसत नाही.